सहा काचा

त्यांना सगळे क्लचबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा एका शिकाऊ बाईच्या तोंडून घाबरून समोरच निघून गेलं, आणि त्या चिडायच्या ऐवजी हसल्या, तेव्हापासून तोंडावरही म्हणू लागले. बायकांना गाडी शिकवणं हा त्यांचा धंदा. गाडी एकच. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, पुढची काच मधे पट्टी देऊन दोन तुकड्यांत बसवलेली. ती बनवणारा कारखाना क्लचबाईंच्या लग्नाआधीच बंद पडला होता. शेजारच्या सीटपुढे त्यांनी स्वतःसाठी एक जादाचा ब्रेक बसवून घेतला होता. त्या एका ब्रेकच्या भरवशावर सतरा वर्षांत त्यांनी चारशेच्या वर बायका शिकवल्या. एकीनेही कुणाला धडक दिली नाही. एकीने पालिकेच्या कचरापेटीला दिली, पण ती कचरापेटी मुळात चुकीच्या जागी होती, असं क्लचबाईंचं म्हणणं होतं.

त्या चारशेंमध्ये ठेकेदाराची बायको होती. हा रस्त्यांचा ठेकेदार, बोळाच्या तोंडाशी त्याचं तीन मजली घर. बायको त्याला न सांगता शिकली. दुपारी भाजीची पिशवी हातात घेऊन यायची, पिशवी मागच्या सीटवर ठेवायची आणि चाक हातात घ्यायची. चार महिन्यांत उत्तम चालवू लागली. मग एके सकाळी नवऱ्याच्याच गाडीत दोन्ही मुलींना बसवून ती भावाकडे निघून गेली. गाडी चार दिवसांनी परत पाठवली. स्वतः आली नाही.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ठेकेदार लोखंडी पहार घेऊन बोळात आला. क्लचबाई गाडीत बसल्या होत्या, शेजारी एक नवी शिकाऊ मुलगी. ठेकेदार तिला म्हणाला, "उतर." ती उतरली आणि पळाली. मग त्याने पुढच्या दोन काचा फोडल्या. मग दरवाजांच्या चार, एकेक करून, गाडीला प्रदक्षिणा घालत. क्लचबाई आतच बसून होत्या. लोक नंतर म्हणाले, काय हिंमत बाईची! पण ती हिंमत नव्हती, त्यांचे पाय हलत नव्हते. मागच्या काचेपर्यंत पोचेतो ठेकेदार दमला. मोडणं हेही मेहनतीचं काम आहे. मागची काच तेवढी वाचली. त्याने पहार खांद्यावर टाकली आणि वरच्या खिडक्यांकडे बघून म्हणाला, "आता बघतो, कुणाच्या बायका गाडी शिकतात ते!"

वरच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. त्यांतली एक क्लचबाईंच्या स्वतःच्या घराची होती. यजमान घरात होते.

पोलीस चौकीत तक्रार लिहून घेणारा म्हणाला, "घरगुती भांडण दिसतंय."

"कुणाच्या घरचं?" क्लचबाईंनी विचारलं.

त्याने पेनचं टोपण लावलं. पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिकायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, महिन्याभरात बंद झाल्या. क्लचबाईंनी गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली आणि बसच्या पासांच्या खिडकीवर नोकरी धरली.

ह्याला अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांत त्यांनी ती गाडी हळूहळू, सुट्टीसुट्टीला, नव्यासारखी केली. इंजिन उतरवलं, चढवलं. पत्र्याला पडलेली भोकं वेल्डिंग करून बुजवली. रंग दिला. सीटा शिवल्या. दर रविवारी इंजिन चालू करून पंधरा मिनिटं ऐकत बसायच्या. फक्त काचा बसवल्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगायच्या, "मिळत नाहीत हो ह्या गाडीच्या." खरं म्हणजे त्यांनी कधी शोधल्याच नव्हत्या. एकदा दोनदा दरवाजाचं माप घ्यायला म्हणून त्या टेप घेऊन शेडमध्ये गेल्या आणि टेप तशीच घेऊन परत आल्या. काचा बसल्या असत्या तर गाडी पुरी झाली असती. गाडी पुरी झाली असती तर ती बाहेर काढावी लागली असती, आणि बोळातून बाहेर जायचा रस्ता एकच होता, त्या तीन मजली घरासमोरून.

मग नोटीस आली. ठेकेदार आता निवडून येऊन पालिकेत बसला होता, लोक त्याला साहेब म्हणत. बोळाचं सुशोभीकरण निघालं होतं. नोटिशीत लिहिलं होतं की आपल्या घरामागील शेडमध्ये असलेले बेवारस, नादुरुस्त वाहन परिसरास अशोभनीय असल्याने आठ दिवसांत हलवावे, अन्यथा भंगारात जमा करण्यात येईल.

क्लचबाईंनी ती उभ्याउभ्या वाचली. मग बसून वाचली. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले प्रूफ तपासनीस, त्यांनीही चष्मा लावून वाचली.

"शेड आपली आहे, तरी?" ते म्हणाले.

"शेडचा मागचा हात-दीड हात पालिकेच्या जागेत आहे. सगळ्यांचाच आहे."

"मग देऊन टाकावी का? म्हणजे, दीर तुझा म्हणत होता, एकजण आहे, फोटो काढायच्या दुकानासमोर ठेवायला घेईल म्हणून..."

क्लचबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बासष्ट वर्षांच्या होत्या, गुडघे बोलत होते, केस निम्मे पांढरे. पण शिकाऊ बाईने चुकीचा गिअर टाकल्यावर त्या जसं बघायच्या तसंच बघितलं.

"ती गाडी शेडमधून जाईल ती स्वतःच्या चाकांवर," त्या म्हणाल्या. "आणि चालवणार मी."

दुसऱ्या दिवशी त्या पालिकेत गेल्या. खिडकीवरचा कारकून सज्जन होता, त्याला वाईट वाटत होतं. "बाई, चालू गाडी असेल तर कुणी हात लावणार नाही. तपासणी करून घ्या, दाखला आणा, विषय संपला. पण काचा नाहीत म्हणता? मग तपासणीवाले दारातूनच परत पाठवतील. आणि पुढची काच सरकारमान्य शिक्क्याची लागते. मधे पापुद्रा असलेली. फुटली तरी तोंडावर उडत नाही ती."

"उडाली की काय होतं ते मला माहीत आहे," क्लचबाई म्हणाल्या.

तिथून त्या गाड्यांच्या काचांच्या मोठ्या दुकानात गेल्या. थंडगार दुकान, काचेच्या भिंती. तिथल्या तरुण मालकाने गाडीचं नाव संगणकात घातलं आणि हसला. "मावशी, माझ्या जन्माआधीची गाडी आहे ही! हिच्या काचा आता कुणी काढत नाही. प्लास्टिकचं पारदर्शक शीट लावून देतो, दोन तासांत काम. लांबून कळणारसुद्धा नाही."

"जवळून?"

"जवळून कोण बघतंय?"

"मी," क्लचबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

साडेनऊचं नाव त्यांना ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं. साडेनऊ म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतला काचवाला, खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापणारा. त्याच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी काचेने नेली होती, म्हणून हे नाव. दुकान म्हणजे एक खोली, दारावर पत्र्याचं छप्पर, खाली दगडी पायरी. भिंतीशी उभ्या काचांच्या मधे चालायला एकच माणूस मावेल एवढी वाट.

त्याने गाडीचं वर्णन ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी हसलं नाही. "सपाट काचा आहेत ना सगळ्या? मागची सोडून?"

"मागची शाबूत आहे."

"मग काय अडलंय! जुन्या गाड्यांचं हेच बरं असतं. सपाट काच कुठलीही कापता येते. आजकालची वाकडी, आणि भाजून कडक केलेली. तिला कापायचा हिरा लावला की तिचे तांदूळ होतात. तुम्हाला पापुद्र्याची लागेल, दोन काचांच्या मधे प्लास्टिक. शिक्का असलेली. आहे माझ्याकडे." त्याने मागे हात केला. "पुठ्ठ्याचे नमुने आणा. अंदाजे नको. काच रबरासारखी ताणत नाही आणि माणसासारखी सांभाळून घेत नाही."

नमुने यजमानांनी केले. ते आपणहून शेडमध्ये आले, हातात पुठ्ठा, टोकदार पेन्सिल आणि छापखान्यातली लोखंडी पट्टी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली होती त्यांची. एकेका दरवाजाला दीड तास घेतला. क्लचबाईंनी डाव्या दरवाजाचा पुठ्ठा उलटा करून उजव्याला लावायला घेतला तर त्यांनी अडवलं.

"दोन्ही सारखे नाहीत. उजवा दोन मिलिमीटर लांब आहे."

"दोन मिलिमीटरने काय होतं?"

"स्वल्पविराम तेवढाच असतो," यजमान म्हणाले, आणि नवा पुठ्ठा घेतला.

चौथ्या दिवशी क्लचबाई सहा नमुने काखेत घेऊन साडेनऊच्या दुकानात पोचल्या तर तो दारातच उभा होता, आत या म्हणाला नाही.

"बाई, माफ करा. काल साहेबांचा माणूस येऊन गेला. काय काय चाललंय म्हणून गोड बोलून विचारलं. मग छपराकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. म्हणाला, रस्त्यावर येतंय बरं का तुमचं. सुशोभीकरणात जाईल." त्याने साडेनऊ बोटांनी तोंड पुसलं. "मी तुमच्या गाडीची काच कापू शकत नाही. माझं पोट आहे ह्या पायरीवर."

क्लचबाईंना राग आला, पण त्याच्यावर नाही. हा माणूस निदान तोंडावर खरं सांगत होता. त्या पायरीवर बसल्या. गुडघे दुखत होते म्हणून बसल्या, आणि बसल्यावर लक्षात आलं की उठून परत जायचं त्यांच्या मनात नाही.

"तुम्ही कापू नका," त्या म्हणाल्या. "मला काच विका. विकायला बंदी नाही ना? आणि तुमचा हिरा वापरायला द्या. मी कापते."

"तुम्ही? बाई, पापुद्र्याची काच आहे ती. माझ्या भावाला दोन वर्षं लागली शिकायला."

"माझ्याकडे चार दिवस आहेत. मी बायकांना चार आठवड्यांत घाट चढायला शिकवलंय."

साडेनऊने गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग त्याने एक स्टूल उचललं, आतल्या कोपऱ्यात नेलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्यावर पाठ करून बसला.

"मी काही कापत नाहीये," तो भिंतीला म्हणाला. "कुणाला शिकवतही नाहीये. म्हातारपणी माणूस एकटाच बडबडतो. हिरा टेबलावर आहे. आधी रॉकेलमध्ये बुडवायचा."

क्लचबाई उठल्या.

पुढचे तीन दिवस तो भिंतीशी बोलत होता. काच टेबलावर आडवी ठेवायची, खाली घोंगडी. पुठ्ठा ठेवून पेनने रेघ मारायची. शिक्का कोपऱ्यात राहील असं बघायचं, तो गेला तर काच गेली. मग हिरा धरायचा, पेनसारखा नव्हे, उभा. आणि एकदाच ओढायचा. "परत गिरवायचं नाही! एकदा ओढलेली रेघ गिरवली की काच रुसते." एका बाजूने रेघ, खालून हलका ठोका, चीर पळते. मग काच उलटी करायची आणि दुसऱ्या बाजूने त्याच जागी तेच. मग चिरेत स्पिरिट ओतायचं, काडी लावायची. निळी ज्योत रेघेवरून धावत जाते आणि विझते, तेवढ्या वेळात मधलं प्लास्टिक मऊ होतं. काच किंचित ओढून धरायची आणि त्या फटीत ब्लेड घालून पापुद्रा कापायचा.

पहिली काच क्लचबाईंनी फोडली. हिरा अर्ध्यात थरथरला, चीर भलतीकडे पळाली आणि एक मोठा तुकडा जमिनीवर पडून फुटला. तो आवाज झाला आणि त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. हात केसांकडे गेला, केसांत काही नव्हतं. अकरा वर्षांनी तोच आवाज.

साडेनऊने मान वळवली नाही. त्याला सगळी गोष्ट माहीत होती, बाजारात सगळ्यांनाच माहीत होती.

"माझं बोट गेलं," तो भिंतीला म्हणाला, "तेव्हा महिनाभर मी काचेला हात लावला नाही. मग एक दिवस रद्दीतली एक जुनी खिडकी घेतली आणि मुद्दाम फोडली. दहा तुकडे केले. मग वीस. म्हटलं, आता कोण कुणाला घाबरतंय ते ठरवून टाकू. तिथे खोक्यात वाया गेलेली काच आहे."

क्लचबाईंनी खोकं ओढलं. एकेक तुकडा घेतला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि हातोडीने फोडला. पहिल्या पाच-सहा वेळा डोळे मिटले. सातव्यांदा उघडे ठेवले. मग त्या थांबल्याच नाहीत. खोकं रिकामं होईपर्यंत फोडत राहिल्या, आणि त्यांना कळलं की आता हा आवाज कधी व्हायचा ते त्या स्वतः ठरवतायत.

"झालं?" साडेनऊने विचारलं.

"झालं. झाडू कुठे आहे?"

"दाराच्या मागे. आणि हिरा घट्ट धरू नका. तुम्ही काय बायकांना चाक घट्ट धरायला शिकवता का?"

"मी काय शिकवते ते मला माहीत आहे!"

"मग तसं करा ना!"

त्या हसल्या. सतरा वर्षं आपण बायकांवर ज्या आवाजात ओरडलो तो ऐकायला कसा लागतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. फार वाईट नव्हता. त्यात भरवसा होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी सहा काचा तयार होत्या, कडा पाण्याच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. एकीला खालच्या बाजूला टवका उडाला होता, पण तो दरवाजाच्या आत जाणार होता. यजमानांनी हातगाडी आणली होती. साडेनऊने काचा घोंगडीत बांधून दिल्या, आणि तेव्हाही त्यांच्याकडे पाठच केली होती; उलट्या हाताने गाठ मारली.

आठव्या दिवशी पहाट संपता संपता दोघं शेडमध्ये होती. दरवाजांच्या काचा आधी. दरवाजाचं आतलं कातडं काढलं, काचेच्या खालच्या कडेला रबर लावून ती लोखंडी खोबणीत ठोकून बसवली, बाजूच्या फटीत फेल्टची नवी लोकरी पट्टी भरली, हँडल फिरवून बघितलं. उजव्याची दोन मिलिमीटरने लांब काच सरसरत वर गेली आणि चपखल बसली. यजमानांची मान थोडी ताठ झाली.

पुढच्या काचा अवघड. काचेला भोवती रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत दोरी गुंडाळायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून तळव्यांनी काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत जायची. दोरी निघत जाते तसं रबर पत्र्यावर चढत जातं. क्लचबाई आत बसल्या. यजमान बाहेर उभे राहिले, दोन्ही तळवे काचेवर. मधे काच, समोरासमोर दोन तोंडं.

"दाबा."

"फुटली तर?"

"दुसरी कापेन. दाबा."

दोरी हळूहळू निघू लागली. खालची बाजू बसली. कोपरा आला. तिथे यजमान एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी खाली आलो होतो."

क्लचबाईंचा हात थांबला.

"जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. दाराची कडी हातात होती. आवाज ऐकू येत होता, एकेक. मी मोजले. सहा. कडी काढली नाही." काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती. "मग वर जाऊन खिडकी लावली."

"खिडकी लावलेली मी पाहिली होती," क्लचबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

"माहीत आहे."

क्लचबाईंना पुष्कळ बोलता आलं असतं. अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर ते सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं आणि आमटीबरोबर गिळलं होतं. पण हातात दोरी होती, रबर अर्ध्यावर होतं, साबण वाळत होता.

"मी ते विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आज आला आहात. तेव्हा दाबा. दोन्ही हातांनी, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

त्यांनी दाबलं. कोपरा टप्प असा आवाज करून बसला.

दहा वाजता ट्रक आला. गाड्या उचलून न्यायचा, साखळ्यांचा. मागोमाग साहेब, पांढऱ्या कपड्यांत, दोन माणसं बरोबर. क्लचबाईंनी गाडी शेडमधून बोळात काढली होती आणि त्या चाकाशी बसल्या होत्या. वरच्या खिडक्या उघडल्या. ह्या वेळी बंद झाल्या नाहीत. बघणारे बघत राहिले.

ठेकेदार खाली वाकला. अकरा वर्षांत तो जाड झाला होता, आवाज मऊ झाला होता. "बाई, वय झालं आता. कशाला हा खटाटोप? ही माणसं आलीत, ह्यांना काय रिकामं परत पाठवू?"

"रिकामं कशाला? माझ्या मागून येऊ द्या. वाटेत बंद पडले तर ओढायला उपयोगी पडतील."

वरून कुणीतरी हसलं. ठेकेदाराने वर बघितलं, हसू थांबलं. त्याने ट्रकवाल्याला खूण केली. ट्रकवाला साखळी घेऊन पुढे आला, आणि त्याच्या आणि गाडीच्या मधे यजमान येऊन उभे राहिले. हातात नोटीस, कानावर पेन्सिल.

"ह्यात शब्द चुकलाय," ते म्हणाले. "'बेवारस वाहन' असं लिहिलंय. ह्या गाडीची मालकीण ती समोर बसली आहे. मी तिचा नवरा. म्हणजे बेवारस नाही. पुढे 'नादुरुस्त' म्हटलंय. तेही तपासून बघा. दोन चुका असलेला कागद आमच्याकडे छपाईला जात नसे. तुमच्याकडे गाडी उचलायला जातो का?"

ट्रकवाल्याने नोटीस घेतली, वाचली, गाडीकडे बघितलं. त्याच क्षणी क्लचबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं.

"साहेब," ट्रकवाला हळूच म्हणाला, "चालू गाडी उचलायचा कागद नाही हा. उद्या माझ्या अंगावर येईल."

ठेकेदार पुन्हा खिडकीशी वाकला. आता आवाज मऊ नव्हता, आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढा होता. "मागचं विसरलात वाटतं."

"विसरले असते तर काचा कशाला बसवल्या असत्या?" क्लचबाई म्हणाल्या, बोळभर ऐकू जाईल एवढ्याने. आणि त्यांनी हँडल फिरवायला सुरुवात केली. तो बोलत होता आणि काच वर येत होती. त्याच्या छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. त्याने बोटं कडेवर ठेवली होती, ती त्याला काढून घ्यावी लागली. काच वर जाऊन फेल्टमध्ये बसली. त्याचं तोंड हलत होतं. आत फक्त इंजिनाचा आवाज होता.

यजमान पळत येऊन दुसऱ्या बाजूने बसले. गाडी निघाली.

तीन मजली घरासमोरून जाताना क्लचबाईंचा पाय थरथरला. त्यांनी तो थरथरू दिला आणि तसाच दाबून ठेवला.

तपासणीचा अधिकारी कोरडा माणूस होता. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, जादाच्या ब्रेकवर भुवया उंचावल्या. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का भिंगातून वाचला. मग काचेवर बोटाने टिचकी मारली.

"कुणी कापली?"

"मी."

त्याने मान वर केली, त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांना सात ठिकाणी पट्ट्या होत्या. "डावा वायपर चालत नाही," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत करून आणा." आणि दाखल्यावर सही केली.

इथे गोष्ट गोड संपली असती, पण ठेकेदार हरल्यावर गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. गाडीला हात लावता येईना म्हणून त्याने चार दिवसांनी साडेनऊच्या छपराला लावला. पालिकेची माणसं आली, पत्रा उतरवून घेऊन गेली, पायरी फोडली. क्लचबाई कळताच धावत गेल्या. साडेनऊ दारात भर उन्हात स्टूल टाकून आरसा कापत बसला होता.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"मी पाठ करून बसलो होतो की नाही? तरी नोटीस तोंडावरच दिली." त्याने रेघ ओढली, ठोका दिला, आरसा दुभंगला. "जाऊ द्या. पायरी गेली, हात आहेत. पण गिऱ्हाईक उन्हात उभं राहत नाही, ते खरं."

क्लचबाईंनी गल्ली खालीवर बघितली. रुंद होती, एका बाजूला गाडी लावायला मनाई नव्हती.

त्यांनी पासांच्या खिडकीवरची नोकरी सोडली, आणि सोमवारपासून त्यांचा क्लास तिथून निघू लागला. रोज सकाळी आठला गाडी साडेनऊच्या दारासमोर उभी. यजमानांनी पाटी रंगवली, एकही अक्षर न चुकवता: 'बायकांना गाडी शिकवली जाईल. चौकशी आत.' आत म्हणजे काचेच्या दुकानात. चौकशीला येणारी बाई बसायला स्टूल मागायची, आणि बसली की तिला आठवायचं की आपल्या न्हाणीघरातला आरसा तडकलाय. यजमानांनी छपराबद्दल पालिकेला तीन पत्रं लिहिली. उत्तर अजून आलेलं नाही. चौथं लिहितायत.

पहिल्या आठवड्यात तिघी आल्या. एक नर्स, एक शाळेतली बाई आणि एक आजी, जिला फक्त स्वतःच्या बहिणीच्या घरापर्यंत जायचं होतं, पलीकडे नाही. चार-पाच जणी नुसत्या विचारून गेल्या. एकीला तिच्या सासऱ्याने येऊ दिलं नाही.

गुरुवारी नर्सने गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली आणि बाजाराच्या चौकात, बरोबर मधोमध, बंद पाडली. मागे एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. नर्सने आरशात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, मागे साहेबांची गाडी आहे!"

"असू दे. शिकायचंय कुणाला, तुला की त्यांना?"

"पण रस्ता अडलाय..."

"रस्ता सगळ्यांचा आहे. तुझी वेळ चालू आहे. किल्ली."

नर्सने किल्ली फिरवली. गाडीने एक गचका खाल्ला आणि पुन्हा बंद पडली. मागचा हॉर्न आता थांबतच नव्हता, दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. क्लचबाई हात मांडीवर ठेवून, समोर बघत, आरामात बसल्या होत्या.

"परत," त्या म्हणाल्या.